घुमटाखालचा अष्टकोन

गेल्या काही वर्षांत आमच्या नवापूर-नंदुरबार भागात मशिदींची डागडुजी जोरात चालू आहे. लोक सढळ हाताने चंदा देतात, ही आनंदाची गोष्ट. पण कामाची चर्चा ऐकावी तर ती टाइल्सच्या कॅटलॉगपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. तयार मेहराब, तयार घुमट, सोनेरी पट्टी, छताला पीओपी आणि त्यात निळे-हिरवे दिवे. जुनी चुन्याची भिंत दोन दिवसांत खरवडून मोकळी! आम्हाला वाटते, त्याआधी एकदा आपल्याच खानदेशातल्या जुन्या इमारती नीट पाहाव्यात.

शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस मलिक राजाने फारुकी राज्य उभे केले ते इथून. त्या घराण्याचे मकबरे तिथे आहेत. बरेचसे साधे आणि चौकोनी, एक मात्र अष्टकोनी आणि कोरीव कामाने सजलेला. अशा जुन्या मकबऱ्यात शिरलात तर मान वर करून पाहा. चौकोनी खोलीवर गोल घुमट थेट बसत नाही, चार कोपरे उघडे राहतात. म्हणून प्रत्येक कोपऱ्यात तिरपी कमान टाकतात. चौकोनाचा अष्टकोन होतो, कधी त्याचे सोळा कोन होतात, आणि मग त्यावर गोल घुमट विसावतो. नक्षी बहुधा अशाच जागी असते, म्हणजे कमानीच्या खांद्यावर, घुमटाच्या बुडाशी किंवा दाराच्या चौकटीभोवती. जिथे इमारत वळण घेते तिथे नजर थांबते, आणि तिथेच कारागीर छिन्नी लावतो. मधली भिंत मोकळी ठेवतो.

खांडबाऱ्याहून भुसावळच्या गाडीत बसले की पुढे गाडी बदलून बुरहानपूर गाठता येते. आज ते मध्य प्रदेशात असले तरी खानदेशचीच ती जुनी राजधानी. हजरत बुरहानुद्दीन गरीब (रह.) यांच्या नावावरून तिचे नाव पडले. राजा अली खान फारुकी यांनी बांधलेल्या तिथल्या जामा मशिदीला अंगणाच्या बाजूने पंधरा कमानी आहेत. दगड काळसर, रंग नाही, सोने नाही. तरी पाय निघत नाही, कारण कमानींची लय कुठे चुकत नाही. आतल्या भिंतीवर अरबी लेख आहे आणि त्याच्या सोबतीला नागरी अक्षरांतला संस्कृत लेखही आहे. त्यात फारुकींची वंशावळ आणि विक्रम संवत १६४६, म्हणजे इ.स. १५९० ची तिथी कोरली आहे. मशिदीत संस्कृत! शाळेच्या सहलींनी हा लेख मुलांना आवर्जून दाखवावा.

कुणी म्हणेल, मशिदीला नक्षी हवीच कशाला? नमाजात लक्ष विचलित करणारी सजावट उलेमांनी नापसंत केली आहे, आणि ते योग्यच आहे. डोळ्यांसमोर लुकलुकणारे दिवे लावण्यापेक्षा साधी पांढरी भिंत केव्हाही बरी.

पैसा कमी असेल तर काय करावे, हे औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यात दिसते. दिलरस बानू बेगम १६५७ मध्ये वारल्या, त्यानंतरची ही इमारत. अताउल्ला हे तिचे वास्तुकार. ताजमहालच्या वास्तुकाराचे ते चिरंजीव. त्यांच्यासोबत हंसपत राय यांचेही नाव दारावरच्या लेखात आहे. खर्च ६,६८,२०३ रुपये झाल्याची नोंद सापडते. संगमरवर भिंतीच्या खालच्या भागाला आणि घुमटाला वापरला, मधल्या भिंती काळ्या दगडाच्या आणि त्यावर गुळगुळीत चुन्याचा गिलावा, त्यातच वेलबुट्टी. लोक ताजशी तुलना करून नाक मुरडतात. आम्हाला मात्र तो गिलावाच जास्त शिकवून जातो.

ही नक्षी घरीही काढून पाहता येते. दोन सारखे चौकोन एकमेकांवर ठेवा आणि वरचा पंचेचाळीस अंशांनी फिरवा, आठ टोकांचा तारा तयार. कंपास आणि पट्टी पुरते. सातवी-आठवीची मुले या ताऱ्यांची जाळी वहीभर विणतात, आणि भूमितीच्या तासाला कंटाळणारी त्यात सर्वांत पुढे असतात. घरात अशी एकच जाळी खिडकीला, नाहीतर कोनाड्याला एक कमान पुरे. चारही भिंती भरल्या की दिवाणखाना लग्नाच्या हॉलसारखा दिसतो. आयत लावायची असेल तर आधी जाणत्या आलिमाकडून वाचून घ्या. छपाईत एक नुक्ता सुटला तरी शब्द बदलतो.

आता कमिट्यांसाठी. जुनी भिंत चुन्याची असेल तर तिच्यावर सिमेंट चोपडू नका. चुना ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट ती आत कोंडते, मग भिंतीला लोणा लागतो आणि गिलावा फुगून पडतो. खरवडण्याआधी प्रत्येक कमानीचा टेप लावून फोटो काढा, मापे वहीत लिहा. चुनखडीचे थर एका कोपऱ्यात हातभर जागेत हलकेच काढून पाहा, खाली जुनी नक्षी दडलेली असू शकते. इमारत पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असेल तर परवानगीशिवाय हात लावता येत नाही. चुना भिजवून मुरवायचा कसा, त्यात गूळ किंवा बेलफळाचा गर किती घालायचा, हे जाणणारे जुने गवंडी अजून कुठे कुठे भेटतात. त्यांना शोधून काम द्या, आणि गावातला एखादा तरुण त्यांच्या हाताखाली लावा.