आगीचा डोंगर, पाण्याची करामत

दोस्तांनो, नकाशा काढा आणि दक्षिण अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात इक्वेडोर नावाचा चिमुकला देश शोधा. विषुववृत्ताची रेघ या देशातूनच जाते. म्हणजे इथे उन्हाने जीव नकोसा व्हायला हवा, हो ना? पण त्या रेघेपासून जेमतेम 75 किलोमीटर दक्षिणेला एक डोंगर बाराही महिने बर्फ पांघरून उभा आहे. त्याचं नाव कोटोपाक्सी. उंची 5897 मीटर! आपली कळसूबाई 1646 मीटरची. तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी कोटोपाक्सीचा माथा वरच राहतो. डोंगर चढताना दर किलोमीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होत जाते. समुद्रकाठी घामाच्या धारा लागल्या असल्या तरी या माथ्यावर पाणी गोठतं.

आणि हा बर्फाळ डोंगर चक्क जागता ज्वालामुखी आहे!

तो दिसतोही किती देखणा. चहूबाजूंनी सारखा उतार आणि वर पांढराशुभ्र माथा. अलेक्झांडर फॉन हंबोल्ट हे जर्मन शास्त्रज्ञ 1802 साली इथे आले होते. अँडीज पर्वतातल्या उंच शिखरांमध्ये यालाच त्यांनी सर्वांत सुंदर आणि रेखीव ठरवलं. माथ्यावर जायचा त्यांनी प्रयत्नही केला, पण ते जमलं नाही. पुढे सत्तर वर्षांनी, 1872 मध्ये, विल्हेल्म राइस आणि आंखेल एस्कोबार माथ्यावर पोहोचले.

हा आकार आला कुठून? खळ्यात धान्याची रास पडताना पाहिली आहे? दाणे एकाच जागी ओतत राहिलं की ते चारी बाजूंना सारखे घरंगळतात आणि रास आपोआप निमुळती होते. कोटोपाक्सीच्या तोंडातून उडालेली राख आणि दगडगोटे असेच तोंडाभोवती साचत गेले. पण नुसती भुसभुशीत राख पावसात वाहून गेली असती. अधूनमधून चिकट लाव्हाही बाहेर आला, उतारावर पसरला आणि थिजून टणक झाला. त्याने खालची राख धरून ठेवली. राख, लाव्हा, पुन्हा राख, पुन्हा लाव्हा, असे थरांवर थर चढले. माथ्याजवळ यानासाचा नावाचा काळाकभिन्न उभा कडा आहे. भोवती सगळं पांढरं आणि मध्येच हा काळा खडक, असा तो दुरूनही उठून दिसतो.

आता खरी गंमत ऐका. हा डोंगर आगीचा, पण त्यामागची करामत पाण्याची आहे.

दक्षिण अमेरिकेलगतचा पॅसिफिक महासागराचा तळ म्हणजे खडकाची एक अवाढव्य प्लेट. तिचं नाव नाझ्का. ती वर्षाला काही सेंटिमीटर, म्हणजे साधारण आपली नखं वाढतात त्या वेगाने, दक्षिण अमेरिकेच्या खाली सरकते. युगानुयुगं समुद्रात भिजलेल्या या प्लेटमधल्या खनिजांत पाणी अडकलेलं असतं. खूप खोल गेल्यावर दाब आणि उष्णता वाढते, तसं ते पाणी सुटून वरच्या तापलेल्या खडकात शिरतं. पाणी मिसळलं की खडक कमी तापमानालाही वितळायला लागतो! त्यातून शिलारस तयार होतो आणि वर चढतो. पृष्ठभागाजवळ आला की त्यातल्या पाण्याची वाफ होते. शिलारस चिकट असल्याने वाफेला सहज वाट मिळत नाही. मग ती शिलारसाच्या चिंधड्या उडवून बाहेर पडते. त्या चिंधड्या म्हणजेच राख.

पाण्याची दुसरी करामत मात्र भीषण आहे. 26 जून 1877 रोजी कोटोपाक्सीच्या तोंडातून धगधगती राख आणि वायू यांचे लोंढे उतू गेले आणि थेट बर्फावरून खाली धावले. बर्फ वितळलं. ते पाणी राख, माती, झाडं, मोठमोठ्या शिळा असं वाटेत येईल ते उचलत नद्यांच्या पात्रांतून सुटलं. अशा चिखलाच्या लोंढ्याला लाहार म्हणतात. दक्षिणेकडचं लाटाकुंगा शहर त्याने उद्ध्वस्त केलं आणि शेकडो माणसं दगावली. उत्तरेकडचा लोंढा तर शेकडो किलोमीटर वाहत पॅसिफिक महासागराला जाऊन मिळाला. इथे माणसांचा सर्वांत मोठा घात लाव्हाने नाही, वितळलेल्या बर्फाने केला. म्हणूनच बर्फाचा माथा असलेल्या ज्वालामुखीचं मला जास्त भय वाटतं.

लाटाकुंगा पुन्हा उभं राहिलं. तिथल्या जुन्या इमारती प्यूमिस नावाच्या ज्वालामुखी दगडाच्या आहेत. हा दगड हातात घेतला तर आश्चर्य वाटावं इतका हलका! शिलारस फसफसत असतानाच थिजल्यामुळे त्यात असंख्य भोकं राहतात. पाण्यात टाकला तर तो चक्क तरंगतो.

डोंगराच्या पायथ्याशी गवताळ माळ आहे. तिथे केशरी फुलांच्या काटेरी झुडपांवर एक इवलासा हमिंगबर्ड मध शोषायला येतो. रात्री थंडी वाढली की तो अंगातली उष्णताच कमी करून घेतो, हृदयाचे ठोके मंदावतात आणि तो सकाळपर्यंत निपचित राहतो. उन्हं आली की भुर्र!

कोटोपाक्सी 2015 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा राख ओकू लागला. सुदैवाने मोठा लाहार आला नाही. राजधानी कीटो इथले शास्त्रज्ञ भूकंपमापक आणि इतर यंत्रं लावून त्याच्यावर रात्रंदिवस पाळत ठेवतात. लाहार थांबवता येत नाही, पण वेळेवर इशारा मिळाला तर माणसं उंचावर पळून जीव वाचवू शकतात. हवामान तापल्याने इथलं बर्फही कमी होत चाललंय. 1976 ते 1997 या काळातच ते सुमारे 30 टक्क्यांनी घटलं.

तुम्ही विचाराल, आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, मग असा शंकू आपल्याकडे का नाही? कारण सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी आपल्याकडे आलेला लाव्हा पातळ होता. तो मुख्यतः जमिनीच्या लांबच लांब भेगांतून बाहेर पडला आणि दूरवर सपाट पसरला. त्यावर पुन्हा दुसरा थर, मग तिसरा. पुढच्या सहलीला घाटातून जाल तेव्हा समोरच्या कड्यावरचे ते आडवे थर मोजा आणि किती भरले ते आम्हाला पत्राने नक्की कळवा!