सायकलस्वार धोका का पत्करतो?

2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली. शहराच्या सायकलवेडाला आणखी जोर चढला. पण पहाटे गंगापूर रोडला हेल्मेट घालून निघणारा हौशी स्वार वेगळा आणि हँडलला डबा अडकवून सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून रात्रपाळी संपवून परतणारा कामगार वेगळा.

कामगाराच्या डोळ्यांत झोप, सायकलीला बहुधा दिवा नाही. तो उलट दिशेने घुसतो, पण मस्तीने नव्हे. मुंबई-आग्रा महामार्ग शहराच्या मधून जातो आणि पलीकडे जायचं तर वळसा लांबचा.

हेल्मेटची गंमत निराळीच. इंग्लंडमध्ये संशोधक इयन वॉकर यांनी स्वतः सायकल चालवून अंतरं मोजली, तेव्हा हेल्मेट असताना गाड्या जास्त जवळून गेल्या. निष्कर्षावर पुढे वाद झाला. तरी डोक्यासाठी हेल्मेट हवंच. अंधारात निघणाऱ्यांनी मागे लाल दिवाही लावावा.