चिठ्ठीने निवडलेली गावे : मेक्सिकोची ‘प्रोग्रेसा’ योजना

मेक्सिको सरकारने १९९७ मध्ये ग्रामीण गरीब कुटुंबांसाठी सुरू केलेल्या ‘प्रोग्रेसा’ योजनेत, मुलांची शाळेतील हजेरी आणि आरोग्य तपासणी या अटींवर, रोख रक्कम थेट आईच्या हाती दिली जाई. माध्यमिक स्तरावर मुलींचे अनुदान मुलग्यांपेक्षा जास्त होते. मूल्यमापनासाठी ५०६ गावांतून ३२० गावे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, निवडून तेथे लाभ आधी दिला गेला, तर उरलेली १८६ गावे काही काळ तुलनेसाठी ‘नियंत्रण गट’ म्हणून ठेवली गेली. त्यामुळे दोन्ही गटांतील फरक योजनेचाच परिणाम मानता आला. माध्यमिक पटनोंदणीत, विशेषतः मुलींच्या, वाढ आढळली आणि २००० मधील सत्तांतरानंतरही योजना बंद न पडता ‘ओपोर्तुनिदादेस’ या नावाने शहरांतही पोहोचली.