उजनीकांठच्या दप्तरांच्या तबकड्या : लिनक्सवर आज्ञेनें लिहितांना होणारे दोष व त्यांचें निवारण

भीमेवरील उजनीचें धरण इ. स. १९८० मध्यें पुरें झालें. करमाळा, इंदापूर इत्यादि तालुक्यांतील नदीकांठचीं गांवें पाण्याखालीं गेलीं आणि लोक नव्या गांवठाणांत येऊन राहिले. पळसदेवाचें जुनें देऊळ पाणी ओसरलें म्हणजे अजूनहि उघडें पडतें, म्हणून तें सर्वांस माहीत आहे. परंतु वाड्यांतून जीं दप्तरें बाहेर निघालीं त्यांची विचारपूस फारशी कोणी केली नाहीं. कोणी तीं पत्र्याच्या पेटींत भरलीं, कोणी माळ्यावर टाकलीं, कोणी भीमेसच अर्पण केलीं. जीं उरलीं त्यांचीं छायाचित्रें घ्यावीं व मूळ कागद मालकास परत करावे, असा उद्योग प्रस्तुत लेखक शाळेंतून निवृत्त झाल्यापासून करमाळ्याच्या बाजूस करीत आहे. मालक कागद दाखविण्यास राजी असतो, देण्यास नसतो. तेव्हां छायाचित्र हाच मार्ग उरतो, आणि तें टिकवावयाचें कोठें, हा प्रश्न लगेच पुढें येतो.

संग्राहकांपैकीं अनेकांनीं हार्ड डिस्कबरोबर तबकडीचा, म्हणजे सीडी अथवा डीव्हीडीचा, आश्रय केला आहे, आणि तो योग्यच आहे. एकदां लिहिलेली तबकडी चुकून पुसली जात नाहीं. संगणकांत विषाणु शिरला तरी कपाटांतील तबकडीस त्याची बाधा होत नाहीं. लिनक्स ही कार्यप्रणाली विनामूल्य मिळते म्हणून आमच्यासारख्या पेन्शनरांनीं ती पत्करली हें खरें, परंतु तिचा याहून मोठा गुण निराळा आहे. टर्मिनलवर आज्ञा टंकून काम केलें म्हणजे बिघाड कोठें झाला हें यंत्र आपल्या शब्दांत सांगतें. तें वाचण्याचा कंटाळा केला म्हणजे काय होतें, याचा एक दाखला देतों.

सन २०१६ च्या उन्हाळ्यांत एका गांवीं एका कुळकर्णी घराण्याचें मोडी दप्तर मीं टिपलें. त्या दिवशीं गांवांत वीज नव्हती. लॅपटॉपच्या बॅटरीवरच, बाहेरून जोडलेल्या रायटरनें, डीव्हीडी लिहिली. टर्मिनलवर कांहीं ओळी भराभर वर सरकल्या. मीं त्या वाचल्या नाहींत. तबकडी बाहेर काढून पुन्हां आंत घातली, सर्व फायलींचीं नांवें ओळीनें दिसलीं, पहिलीं चार चित्रें उघडून पाहिलीं, आणि कॅमेऱ्याचें कार्ड पुसून दुसऱ्या गांवास नेलें. दिवाळींत वाचावयास बसलों, तों निम्म्याच्या पुढचें एकहि चित्र उघडेना. परत त्या गांवीं गेलों. पावसाळ्यांत पत्रा उडून पेटी भिजली होती व कागदांचा लगदा झाला होता. घरचे वृद्ध गृहस्थ म्हणाले, "असूं द्या गुरुजी, तुमच्यापाशीं फोटो आहेतच ना सगळे?" त्यांस काय उत्तर दिलें तें येथें लिहीत नाहीं.

नांवें सर्व दिसलीं आणि चित्रें मात्र निम्मीं, हें कसें घडलें? तबकडीवरील रचनेस आयएसओ ९६६० असें नांव आहे. तींत फायलींची अनुक्रमणिका सामान्यतः आरंभाजवळ लिहिली जाते व मजकूर तिच्या मागून येतो. लेखकानें पोथीची अनुक्रमणिका आधीं उतरावी आणि निम्म्या अध्यायांनंतर बोरू टाकावा, तसाच हा प्रकार. अनुक्रमणिका पाहून पोथी पूर्ण आहे असें आपल्यापैकीं कोणी म्हणणार नाहीं. तबकडीच्या बाबतींत मात्र आपण सर्रास तसें म्हणतों. (या यंत्रास रायटर, म्हणजे लेखकच, म्हणतात. जुन्या लेखकांचे सर्व दोष त्याच्या अंगीं आहेत. पुष्पिकेंत क्षमा मागण्याची रीत तेवढी त्यानें सोडली आहे.)

आतां दोषांकडे वळूं. पुढें आज्ञांचीं नांवें नागरींत दिलीं आहेत. यंत्रावर तीं रोमन लिपींत टंकावीं.

पहिला घोटाळा नामसाम्याचा. योर्ग शिलिंग यांचा सीडीरेकॉर्ड हा या विषयांतील मूळ कार्यक्रम. सन २००६ मध्यें परवान्याच्या वादावरून डेबियन मंडळीनें त्याची निराळी शाखा काढली व तिला वोडिम हें नांव दिलें. अनेक संगणकांवर आपण सीडीरेकॉर्ड असें टंकलें तरी प्रत्यक्षांत वोडिमच धांवतो. सन २०१० नंतर वोडिमची नवी आवृत्ति निघालेली नाहीं, आणि डीव्हीडीच्या कामीं तो पुष्कळदां अडखळतो. एकाच ग्रंथाच्या दोन शाखा एकाच नांवाखालीं फिरत असल्या म्हणजे पाठ जुळत नाहींत, तशीच ही गोष्ट आहे. टोमास श्मिट यांचा झोरिसो (अक्षरें : एक्स, ओ, आर, आर, आय, एस, ओ) हा कार्यक्रम वापरावा, असें माझें मत आहे. चित्रांच्या फोल्डरपासून तबकडीची प्रतिमा करणें व ती प्रतिमा तबकडीवर लिहिणें, हीं दोन्ही कामें तो करतो. हीं दोन कामें निरनिराळीं करावीं. प्रतिमा हार्ड डिस्कवर हातीं असल्याशिवाय पुढें ताडून पाहतां येत नाहीं.

यंत्र सांपडत नाहीं, ही तक्रार नवशिक्यांची असते. लिनक्समध्यें रायटरचें नांव बहुधा /डेव्ह/एसआर० असें असतें. परवानगी नाकारली असा संदेश आला तर आपलें नांव सीडीरॉम या गटांत आहे कीं नाहीं तें पाहावें. यंत्र व्यग्र आहे असें उत्तर आलें तर संगणकानें तबकडी आपण होऊन उघडून धरलेली असते. यूमाउंट या आज्ञेनें ती सोडवावी.

तबकडींत मजकूर मावत नाहीं, याचें कारण बहुधा गणिताचें असतें. वेष्टनावर ४.७ जीबी लिहिलेलें असतें, तें दशमान हिशेबानें. प्लस आर जातीच्या एकेरी डीव्हीडीवर प्रत्येकीं २०४८ बाइटांचे २२,९५,१०४ खंड, म्हणजे ४,७०,०३,७२,९९२ बाइट बसतात. हीच संख्या १०२४ च्या पटींनीं मोजली तर सुमारें ४.३८ भरते. डीयू ही आज्ञा -एच हा पर्याय दिला असतां दुसऱ्या रीतीनें मोजते. म्हणून बाइटच मोजावे.

नांवांचा दोष मात्र आपल्या लिपीशीं निगडित असल्यानें त्याचा विस्तार करणें अवश्य आहे. आयएसओ ९६६० च्या मूळ नियमानें नांवास आठ अक्षरें व पुढें तीन, तींहि केवळ रोमन मोठीं अक्षरें, अंक व अधोरेषा, एवढेंच चालतें. नागरी नांवाच्या जागीं नुसत्या अधोरेषा उरतात. यावर दोन जोड आहेत. रॉक रिज हा लिनक्ससाठीं असून त्यांत २५५ बाइटांचें नांव चालतें. जोलिएट हा विंडोजसाठीं असून त्याच्या नियमानें ६४ चिन्हें चालतात. आतां "श्रीज्ञानेश्वरी" हें नांव घ्या. आपल्या दृष्टीनें यांत पांच अक्षरें आहेत. संगणक व्यंजन, हलंत व मात्रा हीं वेगवेगळीं धरतो, म्हणून त्यास तेथें पंधरा चिन्हें दिसतात. आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ या लेखनपद्धतींत नागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागत असल्यामुळें त्यांचे पंचेचाळीस बाइट होतात. गांव, घराणें, शक, प्रकरण असें सर्व कांहीं नांवांत कोंबण्याची आम्हां संग्राहकांची संवय पाहतां ६४ चिन्हें केव्हांच संपतात, नांव कापलें जातें, आणि ज्यांचा आरंभ सारखा अशीं नांवें कापल्यावर ओळखूं येईनाशीं होतात.

याहून सूक्ष्म दोष "ऱ्या" या अक्षराचा. हें अक्षर ऱ या स्वतंत्र चिन्हानें लिहितां येतें, र खालीं नुक्ता देऊन लिहितां येतें, किंवा साध्या र् च्या पुढें एक अदृश्य जोडचिन्ह घालूनहि लिहितां येतें. डोळ्यांस तिन्ही सारखींच. यंत्रास तीं तीन निरनिराळीं नांवें. एका सूचींत नांव शोधून सांपडेना, म्हणून मीं एक संध्याकाळ घालविली ती याच पायीं. तात्पर्य, फायलींचीं नांवें लहान रोमन अक्षरांत व अंकांत ठेवावीं, आणि नागरी सूची निराळ्या फाईलींत लिहून त्याच फोल्डरमध्यें ठेवावी. प्रतिमा करण्याची आज्ञा अशी : झोरिसो -ॲज एमकेआयएसओएफएस -आर -जे -ओ दप्तर.आयएसओ दप्तर. यांतील आर लहान व जे मोठा.

मग लिहिण्याची आज्ञा : झोरिसो -ॲज सीडीरेकॉर्ड -व्ही डेव्ह=/डेव्ह/एसआर० स्पीड=४ दप्तर.आयएसओ. या वेळीं टर्मिनलपासून उठूं नये. बिघाड झाला तर रायटर तीन आंकड्यांची एक खूण देतो. पहिला आंकडा वर्ग सांगतो : २ म्हणजे यंत्र सिद्ध नाहीं, ३ म्हणजे तबकडीचा दोष, ४ म्हणजे यंत्राचा दोष, ५ म्हणजे मागणीच अयोग्य. पुढील दोन आंकडे पोटभेद सांगतात. २-३ए-०० असें आलें तर आंत तबकडीच नाहीं किंवा ती नीट बसलेली नाहीं. ३-०सी-०० म्हणजे लिहितां लिहितां चूक झाली. ३-७३-०३ म्हणजे लेझरचा जोर ठरविण्याची जी चांचणी आरंभीं होते तींतच अपयश आलें. अशा वेळीं दुसऱ्या जातीची तबकडी घालून पाहावी, आणि तिच्यावरहि तेंच घडलें तर रायटरचें भिंग धुळीनें अंधुक झालें असावें किंवा लेझर थकला असावा. वेग कमी केल्यानेंहि कित्येकदां काम भागतें. अगदीं किमान वेगच उत्तम, हा समज मात्र बरोबर नाहीं. तबकडी ज्या वेगांसाठीं घडविली असेल त्यांपैकीं मधला वेग धरावा. चौपट वेगानें पूर्ण डीव्हीडीस चौदा-पंधरा मिनिटें लागतात. एवढा धीर मोडी वाचणाऱ्याच्या अंगीं असावयासच पाहिजे.

माझ्या त्या तबकडीचा दोष विजेचा निघाला. यूएसबी २ च्या एका पोर्टांतून नियमाप्रमाणें ५०० मिलिअँपिअर वीज मिळते, आणि बाहेरचा रायटर लिहितांना पुष्कळदां त्याहून अधिक मागतो. घरीं तीच जोडणी करून दुसरी तबकडी लिहून पाहिली, तेव्हां मध्येंच रायटर नाहींसा झाला. डीमेसेज (अक्षरें : डी, एम, ई, एस, जी) या आज्ञेनें यंत्राची रोजनिशी उघडली, तींत जोडणी तुटून पुन्हां झाल्याची नोंद स्पष्ट होती. आतां मी दोन तोंडांची केबल किंवा स्वतंत्र वीज घेणारा रायटर वापरतों, आणि गांवांत लिहितच नाहीं. कार्ड न पुसतां घरीं आणतों.

शेवटीं शोधन, म्हणजे प्रत मूळाशीं ताडून पाहणें. तबकडी बाहेर काढून पुन्हां आंत घालावी, नाहीं तर संगणक पूर्वीच्या आठवणीवरच उत्तर देण्याचा संभव असतो. एलएस -एल या आज्ञेनें प्रतिमेचे बाइट मोजावे, आणि सीएमपी -एन, पुढें ती बाइटसंख्या, पुढें दप्तर.आयएसओ, पुढें /डेव्ह/एसआर० अशी आज्ञा द्यावी. कांहींच उत्तर आलें नाहीं तर प्रत शुद्ध आहे. फरक असेल तर पहिला फरक कितव्या बाइटास आहे तें यंत्र सांगतें.

बाइटसंख्या देण्याचा हा आग्रह निष्कारण नाहीं. डीव्हीडीवर मजकूर सोळा-सोळा खंडांच्या गठ्ठ्यांनीं लिहिला जातो, म्हणून शेवटचा गठ्ठा भरण्यास कोरे खंड पडतात. सबंध तबकडी वाचून तिची प्रतिमेशीं तुलना केली तर चांगली तबकडीहि सदोष ठरते. सीडी एकेका ट्रॅकनें लिहिली असेल तर शेवटचे दोन खंड वाचतांच येत नाहींत, आणि संगणक पुढचें आधींच वाचूं पाहतो म्हणून अंतीं वाचनदोषाचा संदेश येतो. यासाठींच प्रतिमेच्या शेवटीं १५० कोरे खंड जोडण्याची रीत आहे. दोष पडलाच तर तो कोऱ्या जागेंत पडतो. हें मला ठाऊक नव्हतें तेव्हां मीं सात निर्दोष तबकड्या मोडून टाकल्या. पहिल्या प्रसंगीं न तपासल्यानें हानि झाली. दुसऱ्या प्रसंगीं तपासण्याची रीत चुकल्यानें.

पुढें कांहीं वर्षांनीं हार्ड डिस्कवरील प्रतिमा नसली तरी तपासतां यावें, म्हणून प्रतिमा करण्यापूर्वींच एसएचए२५६सम या आज्ञेनें प्रत्येक फाईलीची अंकमुद्रा काढून ती यादी फोल्डरमध्यें ठेवावी. वर्षांतून एकदां तबकडी लावून -सी या पर्यायानें ती ताडावी. एखादी तबकडी वाचतांना अडखळूं लागली तर ती पूर्ण बंद पडण्याची वाट न पाहतां त्याच आठवड्यांत दुसरी लिहावी. डीव्हीडीझास्टर नांवाचा कार्यक्रम दुरुस्तीचा जादा मजकूर आधींच करून ठेवतो व ओरखडे पडलेला भाग त्यावरून पुन्हां उभा करतो. महत्त्वाच्या दप्तरांस तो लावावा. तबकडीवर कागदी चिठ्ठी चिकटवूं नये; मधल्या पारदर्शक कड्यावर मऊ पेनानें क्रमांक लिहावा.

सध्यां प्रत्येक दप्तराच्या तीन तबकड्या करतों. एक मालकाच्या घरीं त्याच पेटींत राहते, एक माझ्याजवळ, आणि तिसरी नदीपासून दूर, सोलापुरास एका स्नेह्याकडे. त्या कुळकर्ण्यांच्या दप्तराची जेवढीं चित्रें वाचलीं तेवढीं त्यांच्या नातवास नव्या तबकडीवर लिहून दिलीं आहेत. सूचींत पुढील क्रमांक कोरे ठेवले आहेत, आणि प्रत्येकासमोर तो कागद कशाचा होता हें त्या दिवशींच्या माझ्या वहींतून जेवढें सांपडलें तेवढें लिहिलें आहे.