गव्हाण, वाघर आणि शेजारणीची गाय

गेल्या नाताळात शेजारची शाळकरी मुलगी आमच्याकडे फराळाला आली होती. दारात आम्ही कडब्याचं छप्पर करून बाळ येशूचा देखावा मांडला होता. तिनं वाकून पाहिलं आणि विचारलं, "काकू, बाळाला पाळण्यात का नाही ठेवलं? ही तर गव्हाण आहे, आमच्या म्हशीची असते तशी."

पोरीनं बरोबर ओळखलं. आमच्या शास्त्रात तसंच लिहिलंय. उतरायला जागा मिळाली नाही म्हणून मरियेनं बाळ गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, आणि ती बातमी सगळ्यांत आधी पोचली ती रात्री रानात मेंढरं राखणाऱ्यांना. गव्हाण म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला समजावून सांगावं लागतं. आपल्याकडं शाळकरी पोरीलाही ते ठाऊक असतं. म्हणून आज ठरवलं, की गुराखी-मेंढपाळाच्या जगण्यातून मला माझा धर्म कसा कळला, ते तुमच्याशी बोलावं. तुमच्यातल्या बहुतेकींचा धर्म वेगळा आहे, पण शेण आणि वैरण सगळ्यांची सारखीच, तेव्हा ऐकून घ्या.

आमच्यात धर्मोपदेशकाला 'पाळक' म्हणतात. पाळकसाहेब म्हणजे पाळणारा, सांभाळणारा. इंग्रजीत त्यांना 'पास्टर' म्हणतात, तो शब्दही मुळात लॅटिनमधल्या मेंढपाळाचाच. म्हणजे आमच्या धर्मात अधिकाराची जी जागा आहे, तिचं नावच राखणदाराच्या कामावरून पडलेलं आहे.

मुलानं परवा मोबाईलवर एक गंमत दाखवली. अमेरिकेत 'काउबॉय चर्च' नावाचा प्रकार आहे. काउबॉय म्हणजे आपला घोड्यावरचा गुराखी. सिनेमात तो बंदूकच काढत असतो, खरं काम मात्र राखणीचं. दीडशे वर्षांपूर्वी टेक्सासमधून हजारो गुरं कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत चालवत न्यायची, दोन-दोन, तीन-तीन महिने. रात्री गुरं बुजून उधळू नयेत म्हणून पहाऱ्यावरचे गडी हळू आवाजात गाणी म्हणत कळपाभोवती फिरायचे. रानात राहणाऱ्या अशा लोकांना चर्चला कुठून जायला मिळणार? तेव्हा १८९० मध्ये विल्यम ब्लॉइस नावाच्या पाळकांनी फोर्ट डेव्हिसजवळच्या माळावर झाडांखाली उपासना सुरू केली. पशुपालकांची कुटुंबं वर्षातून एकदा तिथं येऊन काही दिवस मुक्कामाला राहायची. तो मेळा आजही भरतो. आताच्या काउबॉय चर्चमध्ये लोक कामाच्या कपड्यांतच येतात आणि कुठं कुठं तर गुरांच्या पाण्याच्या हौदातच बाप्तिस्मा देतात.

हौदाचं ऐकून मला हसू आलं. मग वाटलं, आपल्या माणसांना हे शिकायला टेक्सास कशाला हवं? माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या सगळ्या भागात पिढ्यान् पिढ्या राखणीचंच काम चाललंय. खिल्लार बैल इथला, माडग्याळची बाकदार नाकाची मेंढी इथलीच. दिवाळी झाली की धनगरांचे वाडे पाणी असेल त्या दिशेला निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात. वाटेत शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो.

लहानपणी आमच्या रानात असा वाडा बसला होता. दोन कुटुंबांची मेंढरं पाण्यावर एकमेकांत मिसळली, तेव्हा मला वाटलं, आता ही वेगळी कशी करणार? एका म्हाताऱ्यानं हाळी दिली आणि त्याची तेवढी त्याच्यामागं चालू लागली. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू हेच सांगतो, की मेंढरं आपल्या मेंढपाळाचा आवाज ओळखतात, परक्यामागं जात नाहीत. आणि पुढं म्हणतो, लांडगा दिसला की पळून जातो तो मोलकरी, कारण मेंढरं त्याची नसतात. देवळात हे मी शंभरदा ऐकलं असेल, पण खरं कळलं ते त्या दिवशी पाण्यावर.

दुसरी एक गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी ऐकली असेल. शंभरातलं एक मेंढरू हरवतं आणि मेंढपाळ नव्याण्णव रानात ठेवून त्याला शोधायला जातो. लहानपणी मला हा मेंढपाळ वेडा वाटायचा. एकासाठी नव्याण्णव वाऱ्यावर सोडायची? वाडा पाहिल्यावर उलगडा झाला. गडी माणूस शोधायला गेला तरी मागं वाघर लावलेलं असतं, कुत्री असतात, आणि असते त्याची बायको. घोड्यावरचा संसार तिनंच उतरवलेला, चूल तिनंच मांडलेली, पाठीला पोर, हातात दुबळं कोकरू. नव्याण्णव कुणी सांभाळली हे शास्त्रात लिहिलेलं नाही. माझं मत विचाराल तर ती तिनंच सांभाळली असणार. आणि लूकच्या त्याच अध्यायात लगेच पुढची गोष्ट आहे ती एका बाईची, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून सगळं घर झाडून काढणाऱ्या बाईची. बायका शास्त्रातही राखणीला होत्याच म्हणा. राहेल बापाची मेंढरं राखायची. मोशेची बायको सिप्पोरा आणि तिच्या बहिणी विहिरीवर कळपाला पाणी पाजायला आल्या, तर गड्यांनी त्यांना हुसकून लावलं होतं. टँकरच्या रांगेत उभी राहिलेली कुठलीही बाई हे लगेच ओळखेल.

आता जरा अडचणीचं सांगते. आमचं आणि शेजारच्यांचं बांधावरून जमत नाही. मोजणी झाली, तारखा पडल्या, बोलणं बंद झालं. दोन वर्षांपूर्वी पावसानं ताण दिला होता. आमचं कडवळ गुडघाभर येऊन थांबलेलं. एका रात्री त्यांची गाय दावं तोडून त्यात शिरली. घंटेच्या आवाजानं मला जाग आली.

तुम्हाला माहीत आहे, ताणावरचं कोवळं कडवळ म्हणजे विष. जनावराला किराळ लागते, पोट फुगतं, तोंडाला फेस येतो आणि बघता बघता ते आडवं होतं. आमचे हे म्हणाले, "पड गप. गाय आपण सोडली का?" खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात आलं, खाऊ दे. सकाळी कोंडवाड्यात घालण्याचंही मनात आलं, आमचं पीक खाल्लं होतं, तो आमचा हक्कच होता.

पण निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायातली आज्ञा मला लहानपणापासून पाठ होती. वैऱ्याचा बैल किंवा गाढव भरकटलेलं दिसलं तर ते त्याच्याकडं नेऊन पोचवायचं. वैऱ्याचं जनावर ओझ्याखाली बसलं असेल तर त्याला उठवायला हात लावायचा. वैऱ्याशी गोड बोला असं तिथं म्हटलेलं नाही, जनावर पोचवा एवढंच. त्याचा मला फार आधार वाटला, कारण गोड बोलणं मला जमलंच नसतं. बॅटरी घेतली, गाय वळवली आणि त्यांच्या दारात जाऊन एवढंच म्हणाले, "वहिनी, गाय कडवळात होती. डॉक्टरला बोलवा." आणि मागं फिरले. गाय जगली. बांधाच्या तारखा अजून चालू आहेत.

वहिनी आणि मी मात्र त्यानंतर बोलू लागलो. आधी वैरणीचं, मग औषधाचं. मी नर्सिंग शिकलेली आहे. मिरजेला, जिथं १८९४ मध्ये डॉक्टर वानलेस यांनी मिशनचा दवाखाना उभा केला. त्यामुळं बायका मला दुखणी सांगतात. वहिनींची कंबर कित्येक वर्षं धरलेली. दवाखान्यात का गेला नाहीत विचारलं, तर उत्तर ठरलेलं, "गुरांचं कोण बघणार?" २०१२-१३ च्या दुष्काळात माणच्या चारा छावण्यांत राहिलेल्या बायकांकडूनही मी हेच ऐकलंय. जनावरांसाठी घर सोडून महिनोन् महिने त्या उघड्यावर राहिल्या. जनावराला ताप आला तर डॉक्टर यायचा, बाईला ताप आला तर ती गोळी खाऊन शेण काढायची.

लूकच्या तेराव्या अध्यायात एक बाई आहे. अठरा वर्षं कंबरेतून वाकलेली, सरळ उभं राहता येत नाही. येशू तिला शब्बाथाच्या दिवशी, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवशी, बरं करतो. सभास्थानाचा प्रमुख रागावतो, बरं व्हायला बाकीचे सहा दिवस नव्हते का म्हणतो. त्यावर येशूचा सवाल गोठ्यातलाच आहे. शब्बाथाच्या दिवशी तुम्ही बैल गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेता की नाही? मग या बाईला अठरा वर्षांच्या बंधनातून सोडायला नको? त्यानं तिला 'अब्राहामाची लेक' म्हटलं. माझ्या सासूबाई रविवारी बैल जुंपू द्यायच्या नाहीत, बेंदराला खांदेमळणी करतात तसं एखाद्या रविवारी बैलांच्या खांद्याला लोणीही लावायच्या. मात्र त्यांच्या स्वतःच्या खांद्यावरची घागर रविवारीही उतरली नाही, आणि आम्हा कुणाला ते दिसलंही नाही.

वहिनींना मी शेवटी मिरजेला घेऊन गेले. चार दिवस लागले. त्यांची गाय आणि वासरू त्या चार दिवसांत आमच्या गोठ्यात होती, आणि आमचे हेच त्यांना वैरण टाकत होते. तोंडानं कुरकुर चालली होती, पण कडबा कुट्टी करून घालत होते. आता रविवारी मला एस.टी.नं उपासनेला जायचं असतं तेव्हा सकाळची धार वहिनी काढतात. त्या सोमवारी शिंगणापूरला जातात तेव्हा त्यांची गाय मी पिळते. ती मला अजून लाथ मारते. पहिल्या धारेला पाय बांधावाच लागतो.