पडद्यावरचा हिशेब आणि सातपाटीचा आषाढ

पालघर स्थानकापासून पश्चिमेकडे जाणारा रस्ता शिरगाववरून सातपाटीला समुद्रापाशी संपतो. गाव मच्छीमारांचे. त्या व्यवसायाविषयी आपल्या श्रावक कुटुंबांची भूमिका सर्वज्ञात आहे. परंतु त्या गावातल्या घराघरांत तांदूळ, डाळ, तेल आणि साखर पुरवणारी दुकाने आहेत. अशाच एका साधर्मिक किराणा व्यापाऱ्याचे कॅश क्रेडिट खाते मी बँकेत कर्जविभाग पाहत असताना आमच्या शाखेत होते. आज बिझनेस इंटेलिजन्स आणि डॅशबोर्ड या विषयावर लिहायला बसलो, तेव्हा सर्वप्रथम आठवले ते हेच खाते.

डॅशबोर्ड म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. जुन्या काळी घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून गाडीच्या पुढच्या बाजूस जी फळी बसवत, तिचे हे नाव. पुढे मोटारीतल्या काट्यांच्या फलकाला ते मिळाले आणि आता व्यवसायाच्या पडद्याला. विक्री, साठा, उधारी, जीएसटीची विवरणपत्रे, यूपीआयने आलेल्या रकमा अशा निरनिराळ्या ठिकाणची माहिती एकत्र गोळा होते आणि आलेख व रंगांच्या रूपात दिसते. एखाद्या आकड्यावर बोट ठेवले की त्यामागची बिले उलगडतात; महिना किंवा माल बदलला की सारे चित्र बदलते. पॉवर बीआय, टॅब्लो यांसारखी साधने याचसाठी आहेत. ज्यांच्या पेढीत टॅली आहे, त्यांच्याकडे यासाठी लागणारी बरीचशी सामग्री आधीच जमा झालेली असते. आपल्या रोजमेळाचे आणि खतावणीचेच हे नवे रूप, असे म्हटले तरी चालेल.

आमच्या बँकेत असा पडदा आला तेव्हा आम्ही हरखून गेलो होतो. पूर्वी विभागीय कार्यालयाला शाखेची स्थिती कळायला पंधरवडा लागे. आता रोज सकाळी कळू लागली. खात्यातील येणे मर्यादेपेक्षा सलग 30 दिवसांहून अधिक काळ वर राहिले की ते एसएमए-1, 60 दिवस उलटले की एसएमए-2, आणि 90 दिवस उलटले की अनुत्पादक. रिझर्व्ह बँकेची ही रचना योग्यच आहे. दुखणे लवकर कळावे हाच तिचा हेतू. आमच्या पडद्यावर हे टप्पे पिवळा, नारिंगी आणि लाल या रंगांनी दिसत.

एका वर्षी जुलैअखेर सातपाटीचे ते खाते नारिंगी झाले. ऑगस्टमध्ये वरून विचारणा झाली आणि मर्यादा कमी करण्याच्या प्रस्तावावर मी सही केली. वही मागवली नाही, दुकानात गेलो नाही. गौरी-गणपतीच्या तोंडावर त्या गृहस्थांना माल भरता आला नाही. ते शाखेत आले, रागावले नाहीत. पिशवीतून पाच वर्षांच्या चोपड्या काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "साहेब, आषाढ बघा."

पाचही वर्षांचा आषाढ सारखाच होता. राज्याच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, घरात रोख नाही, पण चूल पेटलेली. त्यामुळे गावाची उधारी त्या दोन महिन्यांत फुगते. नारळी पौर्णिमेनंतर उतरू लागते आणि दिवाळीच्या चोपडापूजनापर्यंत बहुतेक खाती मिटतात. प्रत्येक वर्षी जूनच्या पानाच्या समासात त्यांनी स्वहस्ते एकच शब्द लिहिला होता : बंदी. आमच्या पडद्याला समासच नव्हता.

चूक पडद्याची नव्हती. त्याला जे विचारले, त्याचे उत्तर त्याने दिले होते. आम्ही जुलैची तुलना मे महिन्याशी केली. करायला हवी होती मागील जुलैशी. हंगामी धंद्यात, मग तो फटाक्यांचा असो, छत्र्यांचा असो की डहाणू-घोलवडच्या चिकूचा, ही एक दुरुस्ती केली की निम्मे खोटे धोके मावळतात. आणि कित्येकदा खरा धोका, जो मेच्या तुलनेत बरा दिसत होता, तो वर येतो. मर्यादा पूर्ववत व्हायला पुढचा मार्च उजाडला. मधल्या काळात त्यांनी पैसे कोठून आणले, हे मी विचारले नाही.

याच तालुक्यात दुसऱ्या प्रकारचाही पडदा आहे. बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत आपल्यापैकी अनेकांचे कारखाने आहेत, त्यांना तो परिचित असेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी 2014 मध्ये अतिप्रदूषक अशा 17 प्रकारच्या उद्योगांना सांडपाणी व धूर सतत मोजणारी यंत्रे बसवण्याचे निर्देश दिले. त्यांचे आकडे थेट मंडळाकडे जातात. मर्यादा ओलांडली की संदेश येतो. असे असूनही 2016 मध्ये मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला याच वसाहतीच्या सांडपाण्यासाठी राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले, आणि मंडळाच्याच 2018 च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांसह देशात सर्वांत वर होते. यंत्र जेथे बसवले आहे तेथले पाणी मोजते. खाडीतल्या जिवांचा हिशेब त्यात येत नाही. अहिंसेचे अणुव्रत घेतलेल्या कारखानदाराने आपल्या पडद्यावर तो हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा, हा प्रश्न मला साधा वाटत नाही. कर्ज देताना मी तो कोणाला विचारला नाही, हेही येथे नोंदवतो.

दर मिनिटाला बदलणाऱ्या आकड्यांचा मोह मात्र टाळावा. आपल्याकडे प्रतिक्रमण पाच प्रकारचे आहे : राई, देवसी, पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक. जे रोज पाहायचे ते रोज, जे वर्षाने पाहायचे ते वर्षाने. रोकड आणि साठा दररोज, उधारीचे वय पंधरवड्याने, मालागणिक नफा चार महिन्यांनी पाहिला तरी पेढीला पुरेसे होते.

गेल्या पर्युषणानंतर क्षमापना करण्यासाठी सातपाटीला गेलो होतो. ते गृहस्थ आता थकले आहेत. व्यवहार सूनबाई पाहतात. त्या बी.कॉम. आहेत आणि टॅलीतील आकड्यांवरून त्यांनी स्वतःच एक डॅशबोर्ड तयार केला आहे. संगणक माझ्याकडे वळवून त्यांनी तो दाखवला. उधारीच्या प्रत्येक नावापुढे रक्कम होती, दिवस होते, मागील वर्षीचा त्याच महिन्याचा आकडा होता. शेवटी एक अरुंद रकाना होता, मोकळा, हाताने लिहिण्यासाठी ठेवलेला. जूनच्या ओळींमध्ये त्यात सासऱ्यांचाच शब्द भरलेला होता. एका नावापुढे मात्र वेगळे लिहिले होते : "होडी विकली, मुलगा बोईसरला कामाला. मागू नये."

त्या ओळीचा रंग त्यांनी पांढराच ठेवला होता.