संगणक परस्पर इंटरनेटला जोडतो, भुर्दंड मात्र मालकाला

श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड या भागातील सुपारी, नारळ व मासळीच्या व्यापाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी आता संगणक आहे. ब्रॉडबँडची तार मात्र प्रत्येक घरी पोहोचलेली नाही, म्हणून संगणक मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतो. इथेच नुकसानीला सुरुवात होते.

एकदा हॉटस्पॉटचे नाव व पासवर्ड दिला की संगणक तो लक्षात ठेवतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही फक्त हिशेब लिहायला बसता, पण जवळ फोनचा हॉटस्पॉट चालू असेल तर संगणक न विचारता जोडला जातो. हा डेटा मोजून मिळालेला आहे हे विंडोजला नेहमी कळतेच असे नाही. मग अपडेट उतरू लागतात, वनड्राइव्हवर फोटो चढू लागतात. दिवसाला दीड जीबीचे पॅक असेल तर दुपारपर्यंत ते संपते. सुपारीची गाडी दारात उभी, ई-वे बिल निघत नाही आणि गिऱ्हाईकाचे यू.पी.आय. अडकते. रात्री कुवेत, दुबईहून मुलाचा फोन आला तर तोंड दिसते, आवाज येत नाही!

हे दुखणे जुने आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोठ्या शहरांत इंटरनेट सुरू केले, तेव्हा जोडणी टेलिफोनच्या तारेवरून होई. एखाद्या प्रोग्रामला नेट हवे झाले की मोडेम आपणहून नंबर फिरवी. टेलिफोन एंगेज, वर कॉलचे बिल चालू. पुढे इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये ‘नेव्हर डायल अ कनेक्शन’ अशी सोय आली. पुष्कळ जण त्यावरही विश्वास न ठेवता काम झाले की तारच काढून ठेवत. आमच्या मते तोच शहाणपणा होता.

आजचा उपायही सोपा आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडून नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, मॅनेज नोन नेटवर्क्स असे जावे. आपल्या फोनचे नाव निवडून ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’ची खूण काढावी. तेथेच ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करावे. यामुळे बहुतेक अपडेट थांबून राहतात व वनड्राइव्हही स्वतःला आवरते. फोन यू.एस.बी. वायरने जोडत असाल तर ती जोडणी ‘इथरनेट’ नावाने दिसते, तिलाही मीटर्ड करावे लागते. वाय-फाय बंद केले म्हणजे झाले, या समजुतीत राहू नये. डेटा कोणता प्रोग्राम खातो हे ‘डेटा युसेज’मध्ये नावानिशी दिसते. ते आधी पाहावे, मग दोष द्यावा.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या किनाऱ्यावरील वीज आणि मोबाईल सेवा कोलमडली होती. अशा वेळी कुठे थोडा सिग्नल मिळालाच तर तो नातेवाईकांना खुशाली कळवण्यासाठी हवा, संगणकाच्या अपडेटसाठी नव्हे.

अपडेट कायमचे अडवून ठेवणे मात्र धोक्याचे आहे. बँकेचे व्यवहार त्याच संगणकावरून होतात. महिन्यातून एकदा ब्रॉडबँड असलेल्या नातेवाईकाकडे लॅपटॉप न्यावा व सर्व अपडेट उतरवून घ्यावेत. विंडोज १० वापरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की मायक्रोसॉफ्टने त्याची नेहमीची मोफत सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आहे.